हातोड्याचं झबलं

स्वतःला गाता येत नाही, पण गाण्यातलं सगळं कळतं, अशा माणसाला लोक कानसेन म्हणतात. घाटातल्या रेल्वे क्वार्टर्समध्ये एक कानसेन राहायचा, पण त्याचा गाण्याशी काडीचाही संबंध नव्हता. तो बोगद्याच्या भिंती ठोकायचा. एका हातात लांब दांड्याचा हातोडा, दुसऱ्या हातात दिवा, खिशात खडू, आणि एकेक वीट ठोकत बोगद्याच्या या तोंडापासून त्या तोंडापर्यंत जायचं. ते संपलं की उलट दिशेने पुन्हा सुरुवात. ऐकूनच जांभई आली ना? त्यालाही यायची.

बोगदा फार जुना, पणजोबांच्या काळातला. सुरुंगाने आणि हाताने डोंगर फोडायचा, आतून विटांची कमान बांधून घ्यायची, असा तो जमाना. तोंडावर दगडात साल कोरलंय, त्याखाली बांधणाऱ्या साहेबांची नावं आहेत. बांधताना मेलेल्यांची नाहीत. जागा पुरली नसेल, दुसरं काय! खालून गाडीने येणारे हौशी लोक त्या दगडापाशी उभे राहून फोटो काढतात, "काय एकेक कारागीर होते तेव्हा!" म्हणतात, चहा पितात आणि परत जातात. त्यांना नावं ठेवण्यात अर्थ नाही. वीट डोक्यात पडेपर्यंत बोगदा छानच दिसतो.

वीट डोक्यात पडू नये म्हणून कानसेन होता. भरीव वीट हातोडा बसला की 'टण्' करते. तिच्यामागचा चुना पाण्याने धुऊन गेला असेल, आत पोकळी झाली असेल, तर तीच वीट 'भद्द' करते, उशीवर बुक्की मारल्यासारखी. 'भद्द' आली की खडूने गोल काढायचा. मागून गवंडी येणार, गोलातल्या विटा काढणार, नवा माल भरणार. वाफेच्या इंजिनांची काजळी अजून विटांवर बोट बोट जाड बसलेली आहे. डोळ्यांना तिथं काही दिसत नाही. सगळा कारभार कानांवर.

आणि या कामात एक रीत होती. बोगद्याच्या भिंतीत ठरावीक अंतरावर कोनाडे ठेवलेले असतात, गाडी आली की माणसाने अंग चोरून उभं राहायला. एका कोनाड्यापासून दुसऱ्यापर्यंतच्या तुकड्याला सगळे 'खण' म्हणत. ठोकेवाल्याने एखादा खण तपासून "पक्का" म्हटलं, की त्याने स्वतः त्या खणाच्या मधोमध बसून आपला डबा खायचा. शेवटच्या घासापर्यंत. मगच गवंड्यांनी तिथं परांची उभी करायची, त्याआधी नाही. हे कुठल्या नियमात बसत नव्हतं, साहेबांना तर पत्ताही नव्हता. कानसेनला काम शिकवणाऱ्या म्हाताऱ्या ठोकेवाल्याने त्याला सांगितलं होतं, "चार माणसं तुझ्या शब्दावर त्या छताखाली उभी राहणार. आधी तू तिथं जेवून दाखव." कानसेनने ते कधी चुकवलं नाही. गवंडी कोनाड्यात उकिडवे बसून वाट बघायचे आणि टोमणे मारायचे. "जरा लवकर संपेल असं आणत जा की हो डब्यात! इथं आमचे पाय गारठले."

गवंड्यांचा मुकादम म्हणजे कानसेनचा मेहुणा, बायकोचा धाकटा भाऊ. आई गेली तेव्हा तो रांगत होता. बहिणीनेच त्याला भरवलं, न्हाऊ घातलं, दोन धपाटे घालून शाळेत बसवलं. शाळेत काही तो टिकला नाही, पण हातात थापी आली आणि पोरगा सोन्यासारखा निघाला. मोठा झाला, मुकादम झाला, मिशा फुटल्या, तरी बहिणीच्या तोंडी 'धाकट्या'च. तिला स्वतःला मूल झालं नाही. कोणी त्यावरून हळहळलं की ती म्हणायची, "नाही कसं? मिशावालं आहे की एक."

भावाला बोगद्यात कामाला तिनेच नवऱ्याच्या मागे लागून लावलं होतं. लावलं खरं, पण तेव्हापासून रोज सकाळी नवऱ्याला दारात अडवून, त्याच्या तोंडासमोर उभी राहून ती तेच एक वाक्य म्हणायची.

"धाकट्याला सांभाळा हं."

"हो."

"तुमचे कान आहेत म्हणून मला झोप लागते."

"हो."

आता खरी गोष्ट सांगायची तर त्याला कान राहिलेच नव्हते.

उगाच नाही गेले. एवढी वर्षं त्या बंद नळकांड्यात हातोडा मारायचा, वरून इंजिनाचे भोंगे. आधी पाखरं गेली. मग केटलीच्या झाकणाचा आवाज गेला, मग स्वयंपाकघरातून येणारा बायकोचा. एके दिवशी त्याने एका विटेवर हातोडा मारला आणि काहीच झालं नाही. पुन्हा मारला. दिवा खाली ठेवून दोन्ही हातांनी मारला. तोंडात कोणीतरी कापूस कोंबावा तसा सगळा बोगदा गप्प. तो कोनाड्यात जाऊन बसला, हातोडा मांडीवर घेऊन.

सांगायला हवं होतं, कबूल. त्याच दिवशी जाऊन साहेबाला सांगायला हवं होतं. पण विचार करा, कानसेनचे कान गेले तर मागे उरलं काय? नुसता सेन. बहिऱ्या माणसाला बोगद्यात कोण ठेवतो? खाली स्टेशनात झाडू मारायला धाडला असता, क्वार्टर गेलं असतं, आणि ज्या चार माणसांनी त्याच्या शब्दावर डोळे मिटून मान ठेवली, ती त्याच्याकडे कीव करून बघायला लागली असती. ते त्याच्याने सोसवलं नसतं. माणूस अभिमानी होता. गरीब माणसाकडे अभिमान असू नये असं थोडंच आहे?

शिवाय त्याला एक सापडलं होतं. कान गेले, पण हात राहिला होता. भरीव वीट हातोड्याला परत फेकते; दांड्यातून कोपरापर्यंत एक स्वच्छ झिणझिणी येते. पोकळ वीट मार गिळून बसते, हाताला काहीच देत नाही. इतकी वर्षं हे होतच होतं, कानांच्या गडबडीत त्याचं तिकडे लक्ष गेलं नव्हतं एवढंच. त्याने दांडा सैल धरायला सुरुवात केली, उघड्या तळव्याने, आणि भिंत पुन्हा बोलायला लागली. गेल्या हिवाळ्यात तर त्याने ऐन मधल्या भागात एक खण धरला. गवंड्यांनी विटा काढल्या तर मागे माणूस उभा राहील एवढी पोकळी! साहेब स्वतः आला, पाठ थोपटली, "काय कान आहेत!" म्हणाला. कानसेनने साहेबाच्या ओठांकडे बघून ते वाचलं आणि लाजल्यासारखं हसला.

ओठ वाचायला तो शिकला. गाडी आली की रूळ तळपायाला सांगायचे. आणि एक गोष्ट त्याने कानाला खडा लावून पाळली: 'काय म्हणालात?' हे शब्द तोंडातून काढायचे नाहीत. कधीच नाहीत. एकदा विचारलं की दुसऱ्यांदा विचारावं लागणार, तिसऱ्यांदा लोक एकमेकांकडे बघणार. त्यापेक्षा समजलं नाही की "हो" म्हणायचं. या "हो"ने घरात काय काय घडवलं ते त्याच्या बायकोला विचारा. चुलीकडे तोंड करून ती काहीबाही बोलायची, मागून "हो" यायचं. अशाच एका "हो"च्या जोरावर तिची मावशी राहायला आली आणि उन्हाळा संपला तरी हलली नाही. कानसेन रोज संध्याकाळी घरात शिरताना तिला बघून दचकायचा.

"आधी हो म्हणायचं आणि मग तोंड पाडून बसायचं," बायको शेजारणीला सांगायची. "दगडाशी लग्न केलं असतं तर निदान त्यावर वाटण तरी वाटता आलं असतं." पण रात्री तीच त्याचे हात मांडीवर घेऊन बसायची.

कारण हातांचे हाल बघवत नव्हते. बोगद्यात वरून पाणी झिरपतं, विटांमधला चुना घेऊन येतं. ते चुन्याचं पाणी आणि डोंगरातली थंडी, दोन्ही मिळून हिवाळ्यात त्याचे तळवे उभे-आडवे फाटायचे. भेगांतून रक्त यायचं. ती कोमट तेल चोळायची, चरबी लावायची, चिंध्या बांधायची. हातमोजे आणून दिले, ते त्याने खुंटीला टांगले.

"घालत का नाही?"

"हातोडा नीट धरता येत नाही."

"जगातली सगळी माणसं मोजे घालून हातोडे मारतात. तुमचाच हातोडा कुठला राजाचा जावई?"

खरं सांगायचं तर सगळंच सांगावं लागलं असतं. त्याने हात पुढे केले, चिंध्या बांधून घ्यायला.

त्या वर्षी बोगद्याला काहीतरी शंभरावर वर्षं होणार म्हणून वरून हुकूम आला, आतली काजळी खरवडून विटा दिसू द्या, मोठे लोक बघायला येणार. गवंड्यांना खणामागून खण परांच्या लावून छत खरवडायचं काम लागलं. म्हणजे कानसेनला त्यांच्या पुढे पुढे ठोकत राहणं आलं. दिवसभर लाइन बंद ठेवून काम चालायचं. त्याच्या हातांना उसंत मिळेना. एका संध्याकाळी तो जेवायला बसला आणि घास उचलताना त्याच्या हातातून रक्ताचा थेंब ताटात पडला. तो तसाच जेवत राहिला. बायकोने ते बघितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दारात तेच. "धाकट्याला सांभाळा हं." "हो." फक्त आज ती जरा हसत होती. का ते त्याला कळलं नाही. त्याने हातोड्याची लांब पिशवी खांद्याला लावली आणि गेला.

बोगद्याच्या तोंडाशी पिशवीतून हातोडा काढला आणि तो बघतच राहिला. दांड्याला खोळ शिवलेली होती. आत जुन्या ब्लँकेटची दुहेरी पट्टी, वरून फाटक्या बॅगेचं मऊ झालेलं चामडं, मेणाच्या दोऱ्याने बारीक, दाट टाके. हात जिथं जिथं धरायचा तेवढा सगळा भाग झाकलेला. आदल्या रात्री तो झोपल्यावर दिव्यापाशी बसून तिने हे केलं होतं. चामड्यातून सुई ओढताना बोटांची काय दशा होते ते ज्याने शिवलंय त्यालाच ठाऊक.

मुकादमाने ते बघितलं आणि तो पोट धरून हसायला लागला. कानसेनच्या समोर येऊन, दिवा तोंडापाशी धरून म्हणाला, "भाऊजी, हे काय! ताईने हातोड्याला झबलं शिवलं?"

मागचे गवंडी अजून दूर, सामान उतरवत होते. कानसेनने टाक्याखाली नख घालून बघितलं. मुकादमाने त्याचा हात धरला.

"ए, ए! काढायचं नाही हं. तिची बोटं बघितलीत का? काल संध्याकाळी मी सुई आणून दिली तिला. काढलंत तर माझ्याशी गाठ आहे."

"हो," कानसेन म्हणाला.

तो आत गेला. पहिल्या विटेवर हातोडा मारला. हाताला काही लागलं नाही. म्हणजे लागलं, पण दुरून, रजईतून कोणी हाक मारावी तसं. त्याने दांडा घट्ट धरला, सैल धरला, टोकाशी धरला. थोडंथोडं कळत होतं. निदान त्याला वाटलं की कळतंय. आणि दुसरी गोष्ट अशी की हात दुखत नव्हते. कितीतरी आठवड्यांत पहिल्यांदा प्रत्येक ठोक्याला भेगेतून कळ उठत नव्हती. तुम्ही-आम्ही त्या जागी असतो तर काय केलं असतं ते आपण छातीवर हात ठेवून सांगूया. तो मनात म्हणाला, जाऊ दे, आजचा एक दिवस. संध्याकाळी तिला काहीतरी सांगून काढून टाकू. उद्यापासून नेहमीसारखं.

त्या खणात त्याने एकही गोल काढला नाही. एवढ्या जुन्या बोगद्यात अख्खा खण निर्मळ! त्याला स्वतःलाच खटकलं. तो मधल्या भागाखाली परत गेला, पुन्हा ठोकलं. वीट गप्प होती, पण आज सगळ्याच विटा गप्प होत्या. मागे कोनाड्यात गवंडी हात चोळत उभे होते. मुकादम दिव्याने खूण करत होता, काय, झालं का? कानसेनने हात वर केला.

"पक्का," तो म्हणाला.

आणि डबा काढून त्या छताच्या बरोबर खाली बसला. हे लक्षात ठेवा, कारण पुढे लोकांनी त्याला नको नको ते म्हटलं. तो तिथं बसला, पाठ भिंतीला टेकून, आणि शेवटच्या घासापर्यंत जेवला. त्याला शंका होती तर त्याने आपला जीव आधी तिथं ठेवला होता. बोगद्याने त्याला काही केलं नाही. तेवढंच एक बोगद्याने करायला हवं होतं.

गवंड्यांनी परांची उभी केली. कानसेन पुढच्या खणात गेला, पाठ त्यांच्याकडे, आणि ठोकायला लागला.

किती वेळ गेला कोण जाणे. मानेवर गार वाऱ्याचा झोत आला. दिवा फडफडला. मग तळपायांतून असा हादरा आला की त्याला आधी वाटलं गाडीच आली, आणि तो सवयीने कोनाड्याकडे धावला. मग धूळ आली. धुळीत काही दिसेना. तो हाताने भिंत चाचपत मागे निघाला आणि त्याचा पाय विटांच्या ढिगात रुतला.

ढिगाच्या अलीकडे, म्हणजे त्याच्या बाजूला, एक हात बाहेर आलेला होता. पंजा पुढे पसरलेला, कोणाला तरी धरायला निघाल्यासारखा. मनगटावर बहिणीने बांधलेला लोकरीचा पट्टा होता, थंडीसाठी.

कानसेनने विटा उपसल्या. नुसत्या हातांनी. पलीकडून गवंडी आले, तेही उपसायला लागले. उपयोग नव्हता. सगळ्यांना ते माहीत होतं, तरी कोणी थांबलं नाही.

मुकादमाला बाहेर नेल्यावर कानसेन एकटा मागे राहिला. हातोडा पुढच्या खणात पडला होता. त्याने तो उचलला. दिवा जवळ ठेवला, फुटक्या विटेच्या धारेने एकेक टाका तोडला, चामडं काढलं, ब्लँकेटची पट्टी काढली. उघडा दांडा धरून, पडलेल्या जागेच्या कडेला अजून शाबूत दिसणाऱ्या एका विटेवर त्याने एकच ठोका मारला. हाताला काहीच आलं नाही. पुढच्या विटेवर मारला. तिथंही काही नाही. सकाळी उघड्या हाताने एक ठोका मारला असता तर पुरला असता. त्याने खोळ गटारातल्या गाळात खोल खुपसली आणि वर राडारोडा ओढला.

चौकशी झाली. साहेब लोक चांगले होते, आवाज चढवत नव्हते. चढवून त्याला फरक पडला नसता तो भाग वेगळा. वाचलेल्यांतला थोरला गवंडी पायाला फळ्या बांधून आला होता. बोलताना तो कानसेनकडे बघत नव्हता, म्हणून कानसेनला त्याचे ओठ दिसले नाहीत. समोरच्या साहेबाचा चेहरा मात्र बदलत गेला. मग साहेब कानसेनकडे वळून सावकाश म्हणाला, "हा म्हणतो, आधी चिमूट चिमूट माती गळायला लागली. मुकादमाने यांना पळा म्हणून सांगितलं. हे पळाले. तो पळाला नाही. तुम्ही पुढच्या खणात होतात, तेही छत जाईल असं त्याला वाटलं. तो तुमच्याकडे धावला. भाऊजी, भाऊजी म्हणून ओरडत होता. सगळ्यांना ऐकू आलं. तुम्ही वळून का बघितलं नाहीत?"

हे कानसेनला माहीत नव्हतं. तो पसरलेला पंजा कोणाला धरायला निघाला होता ते त्याला आता कळलं.

"मला ऐकू येत नाही," तो म्हणाला. "तीन वर्षं झाली."

खोलीत काय झालं असेल ते झालं. त्याने मान वर केली नाही.

"मग तुम्ही तपासत कसे होतात?" साहेबाला प्रश्न पुन्हा कागदावर लिहून त्याच्यापुढे ठेवावा लागला.

इथं त्याला सगळं सांगता आलं असतं. हाताचं, दांड्याचं, गेल्या हिवाळ्यातल्या पोकळीचं. सांगितलं असतं तर साहेबाने पुढचं विचारलंच असतं, मग त्या दिवशी हाताला काय झालं होतं? आणि क्वार्टरच्या लायनीत संध्याकाळपर्यंत घरोघर झालं असतं. बहिणीने भावाच्या डोक्यावर छत पाडलं, आणि तेही माया करून. हे ऐकून ती एक रात्र काढू शकली नसती. त्याला तेवढं नक्की कळत होतं.

"तपासत नव्हतो," तो म्हणाला. "नुसता ठोकत होतो. अंदाजाने. सगळा माझा दोष."

थोरला गवंडी उठला, लंगडत त्याच्यापर्यंत आला आणि त्याच्या पायाशी थुंकला. कोणी त्याला अडवलं नाही.

बायको पहिले कितीतरी दिवस रडलीच नाही. ती नुसती बोलत होती. आता ती मुद्दाम त्याच्या समोर येऊन बोलायची, ओठ ताणून, एकेक शब्द तोडून, म्हणजे एकही सुटायला नको.

"त्याने हाक मारली तुम्हाला."

"हो."

"मी रोज सांगत होते. रोज. तुम्ही हो म्हणत होतात."

"हो."

"तुम्ही खोटारडे आहात. तुम्ही त्याच्या छातीवर बसून डबा खाल्लात."

तो मान हलवायचा. तिचा राग तो असा घेत होता जशी थंडीत माणसं शेकोटी घेतात, जवळ सरकून. जोवर ती त्याच्यावर ओरडत होती तोवर तिच्यापुढे दुसरा कोणी दोषी नव्हता, आणि त्याला एवढंच हवं होतं. ओरडून ओरडून ती थकायची, पण निदान जेवायची. मावशी आपलं बोचकं बांधून निघून गेली. शेजारीण त्यांच्या दारावरून जाताना तोंड फिरवायची.

मग क्वार्टर रिकामं करायचा दिवस आला. दोनच खोल्या, मध्ये लाकडी फळ्यांची भिंत. तो आतल्या खोलीत गादी गुंडाळत होता, ती बाहेर भांडी पोत्यात भरत होती. चौकशीहून परत आलेला हातोडा मधल्या दाराआड उभा होता. दारातून तिने तो उचलला, फेकायलाच असणार. आणि थांबली.

त्याने ते बघितलं. ती दांड्यावरून बोटं फिरवत होती. लाकडावर दोऱ्याने आवळलेल्या बारीक रेघा उमटल्या होत्या, आणि एका भेगेत ब्लँकेटची लोकर अडकलेली होती. ती वळली.

"हे शिवलेलं कुठे गेलं?"

ती आणखी जवळ आली.

"तुम्ही म्हणता तीन वर्षं बहिरे आहात. मग मागच्या हिवाळ्यात ती एवढी मोठी पोकळी कशी धरलीत?" ती बोलत होती आणि बोलता बोलता तिचा वेग कमी होत गेला. "मोजे का घालत नव्हतात तुम्ही?"

त्याने पाठ फिरवली. बहिऱ्याला तेवढी एक सोय असते. तो गादीची दोरी बांधत राहिला, सुटली, पुन्हा बांधली. मग त्याने आधाराला मधल्या फळ्यांवर हात टेकला, आणि तळव्याला थरथर लागली. ती पलीकडे खाली बसली होती, फळ्यांना पाठ लावून. पहिल्यांदा रडत होती. तो हुंदका न् हुंदका लाकडातून त्याच्या हातात येत होता, भरीव विटेवरच्या ठोक्यासारखा, स्वच्छ.

तो बाहेर गेला आणि तिच्यासमोर जमिनीवर बसला. दारातून भरपूर उजेड येत होता. हातोडा तिच्या मांडीवर होता. तिने त्याच्याकडे बघितलं, तोंड पुसलं, आणि एकेक शब्द सुटा करून विचारलं, त्याने वाचावा म्हणून.

"मी ते शिवलं म्हणून ना?"

त्याने तिच्या ओठांवरचं अक्षर न् अक्षर वाचलं. जन्मात न बोललेलं वाक्य तो तेव्हा बोलला.

"काय म्हणालीस? मला ऐकू नाही आलं."

तिने पुन्हा विचारलं. तो पुन्हा तेच म्हणाला.